फोन घरी, माणूस रानात

जून २०२१. दुसरी लाट ओसरली असं टीव्हीवर सांगत होते, सांगली-साताऱ्यात मात्र ती हटायला तयार नव्हती. कॉलेजला कुलूप, वर्ग मोबाईलवर. एका संध्याकाळी माझ्या एम.एस्सी. संख्याशास्त्राच्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीनं प्रकल्पाचा कच्चा मसुदा व्हॉट्सॲपवर पाठवला. मुलगी खानापूर तालुक्यातल्या एका वाडीची. विषय तिनंच निवडलेला: मोबाईलच्या ठावठिकाण्यावरून पाहता सांगली जिल्ह्यात टाळेबंदी कितपत पाळली गेली?

आलेख एक, निष्कर्ष दोन आणि तिसऱ्यासाठी मोकळी जागा. पहिला निष्कर्ष असा, की २०२०मध्ये लोक घरी बसले आणि २०२१मध्ये शिस्त सुटली. दुसरा असा, की २०२१च्या निर्बंधांत किराणा दुकानांतली ये-जा घटली, म्हणजे गर्दी घटली. मोकळ्या जागेत सातारा की सांगली, जास्त शिस्तीचं कोण, ते लिहायचं होतं. साताऱ्याची ओळ वेगळ्या रंगात काढून तयार होती.

आलेख देखणा होता. आकडेमोड मी दोनदा तपासली, एक चूक सापडली नाही. तरीही दोन्ही निष्कर्ष पायावर उभे राहत नव्हते, आणि हे प्रकरण मी दरवर्षी वर्गात घेतो ते त्याचसाठी. पाया कुठं खचलाय हे कळायला आम्हाला चार महिने लागले. त्यातलं निम्मं कळलं ते तिच्या घरच्या सोप्यात बसून.

तिनं आलेख ज्या फाईलवरून काढला ती फाईल काय होती ते आधी सांगतो. गुगलनं ३ एप्रिल २०२० रोजी १३१ देशांसाठी हालचालीचे अहवाल प्रसिद्ध करायला सुरुवात केली. पुढं भारताचे आकडे जिल्हावार मिळू लागले. दर दिवसाची एक ओळ आणि ओळीत सहा रकाने: दुकानं-करमणूक, किराणा-औषधं, उद्यानं, बस-रेल्वेची स्थानकं, कामाची ठिकाणं आणि घर. आकडा टक्क्यांत. टक्के कशाचे? तर ३ जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०२० हे पाच आठवडे शून्य धरायचे आणि त्यापेक्षा किती वर किंवा खाली ते लिहायचं. सोमवारची तुलना त्या पाच सोमवारांच्या मध्यकाशी, म्हणजे आकडे चढत्या क्रमानं लावले की मधोमध येतो त्याच्याशी, मंगळवारची पाच मंगळवारांच्या मध्यकाशी. २९ मार्च २०२०चे अख्ख्या देशाचे आकडे तेव्हा पेपरात झळकले होते: दुकानं-करमणूक ७७ टक्क्यांनी खाली, किराणा-औषधं ६५, उद्यानं ५७, स्थानकं ७१, कामाची ठिकाणं ४७ टक्क्यांनी खाली. घर तेवढं २२ टक्क्यांनी वर.

आकडे येत होते ते ज्यांनी आपल्या गुगल खात्यात लोकेशन हिस्ट्री, म्हणजे फोन कुठं कुठं गेला याची नोंद, चालू ठेवली होती त्यांच्या फोनमधून. ती मुळात बंद असते, ज्याची त्यानं चालू करायची. सगळ्यांचे आकडे एकत्र करून त्यात मुद्दाम थोडी भेसळ केली जाई, म्हणजे कुणा एकाचं असणं-नसणं बेरजेवरून ओळखता येऊ नये. माणसं फारच कमी पडली तर रकाना कोरा सोडत. फेसबुकचीही अशीच आकडेवारी होती. तिच्यात माणूस दिवसभर साधारण सहाशे मीटरच्या एकाच चौकोनात राहिला का, हे मोजलेलं असे. ॲपलनं नकाशावर रस्ता विचारणाऱ्यांच्या विचारणा मोजल्या होत्या. विट्याहून तासगावला जायला नकाशा कोण विचारतो, असं म्हणून आम्ही ती बाजूला ठेवली.

(उद्यानांच्या रकान्याची व्याख्या वाचून आम्ही दोघंही हसलो. त्यात समुद्रकिनारे, बोटींचे धक्के आणि कुत्री फिरवायची मैदानंसुद्धा धरलेली. सांगलीची आमराई आणि हरिपूरचा संगम त्यात कुठं बसवायचे? तो रकाना आम्ही उघडलाच नाही.)

माझा पहिला प्रश्न अगदी साधा होता. ‘जानेवारीत तुमच्याकडं काय चाललेलं असतं गं?’

‘जानेवारीत काय चाललेलं नसतं, सर?’

तिचं बरोबर होतं. वाळवा, पलूस, कडेगाव पट्ट्यात जानेवारी म्हणजे ऐन गाळप. रस्त्यानं उसाच्या जोड-ट्रॉल्या, कारखान्याच्या गव्हाणीपुढं रांगा. बीडकडून आणि आपल्याच जतकडून आलेल्या तोडकऱ्यांच्या टोळ्या माळावर कोप्या घालून राहिलेल्या. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ या बाजूला द्राक्षाची काढणी लागलेली, पॅकिंगच्या बायका घेऊन टेम्पो पहाटेच निघतात. गुगलनं ज्याला शून्य म्हटलं तो आमच्याकडचा वर्षातला सगळ्यात धावपळीचा काळ. एप्रिल उजाडतो तोवर कारखान्यांचा पट्टा पडतो म्हणजे गाळप थांबतं, टोळ्या आपापल्या गावी जातात, बागांची खरड छाटणी उरकते आणि दुपारच्या उन्हात रस्त्यावर चिटपाखरू नसतं. टाळेबंदी नसती तरी एप्रिल-मेमध्ये कामाच्या ठिकाणांचा रकाना जानेवारीच्या खालीच असता. किती खाली, ते सांगायला २०१८ आणि २०१९चे आकडे लागतात. फाईल सुरूच होते २०२०मध्ये.

त्यात तो जानेवारीसुद्धा नेहमीचा नव्हता. ऑगस्ट २०१९च्या महापुरात कृष्णा-वारणेच्या काठचा ऊस पाण्याखाली कुजला होता. हंगाम उशिरा लागला आणि लवकर आटोपला. मोजपट्टीच वाकलेली असेल तर लांबीवर वाद घालण्यात अर्थ नाही.

गुगलला श्रेय द्यायचं तिथं देतो. त्यांनी सरासरी न घेता मध्यक घेतला, हे शहाणपणाचं केलं. १५ जानेवारी २०२०, बुधवार, संक्रांत. पाच बुधवारांतला एक असा वेगळा निघाला तरी मध्यक जागचा हलत नाही. वाराप्रमाणे तुलना असल्यानं गावोगावचे आठवडा बाजारही आपोआप हिशेबात येतात. सणाची आणि बाजाराची सोय झाली. हंगामाची सोय पाच आठवड्यांत होत नाही, त्याला वर्षं लागतात.

साताऱ्याची रंगीत ओळ इथंच पुसली गेली. साताऱ्याच्या जानेवारीत पुण्या-मुंबईचे पर्यटक मिसळलेले असतात. महाबळेश्वर-पाचगणीची हॉटेलं, स्ट्रॉबेरीचे स्टॉल, घाटातली रांग हे सगळं त्या शून्यात धरलेलं आहे. पर्यटक आले नाहीत तर रकाना पडतो. त्यात फलटण-कोरेगावकरांच्या शिस्तीचा काय संबंध? दोन प्रदेशांची अशी तुलना करू नका, असं खुद्द गुगलनंही बजावलं होतं, पण तळटीप वाचतो कोण? तिचं आजोळ साताऱ्याकडचं. ओळ पुसताना ती थोडी हिरमुसली.

आता घराचा रकाना. तिच्या पहिल्या निष्कर्षाचा सगळा भार याच्यावर होता. बाकीचे पाच रकाने माणसं मोजतात, हा एकटा वेळ मोजतो, आणि तिथं डोळे फसतात. समजा, नोकरदार माणूस एरवी १४ तास घरी असतो. २२ टक्के वाढ म्हणजे १७ तास. तो चोवीस तास दाराआड बसला तरी वाढ ७१ टक्क्यांच्या पुढं जाऊ शकत नाही. जी बाई एरवीच २० तास घरात आहे तिची वाढ कितीही केलं तरी २० टक्के. तेव्हा ‘दुकानं ७७ टक्क्यांनी पडली आणि घर फक्त २२ टक्क्यांनी वाढलं, मग उरलेले गेले कुठं?’ हा प्रश्नच चुकीचा. तिनं तो विचारला नव्हता, पण त्या वर्षी एका वेबिनारमध्ये एका मोठ्या पदावरच्या माणसाला तो विचारताना मी ऐकलंय.

खरी गोम मात्र गणितात नव्हती. १५ ऑगस्टनंतर निर्बंध सैल झाले तेव्हा एका रविवारी मी मोटारसायकलवरून तिच्या वाडीवर गेलो. सोप्यात ज्वारीच्या पोत्यांना टेकून एक स्टीलचा डबा, डब्याला टेकवून फोन. माझे तास ती याच फोनवर करायची. सकाळी धाकट्या भावाची शाळा, दुपारी तिचं कॉलेज. एरवी पोत्यावरच चार्जिंगला. काचेला एका कोपऱ्यातून तडा गेलेला.

फोन चुलत्यांचा होता. चुलते रानातून आले, हातपाय धुऊन बसले. मी सहज विचारलं, फोन नसला की अडत नाही का?

‘ते फोन आता पोरांचा झालाय सर,’ ते म्हणाले, ‘जूनमधी शाळा मोबाईलवर झाली तवापास्नं. मी आपलं सिम काढून ह्यात घातलंय.’ आणि कोपरीच्या खिशातून बटणांचा जुना फोन काढून दाखवला. पाठीला रबर बांधलेलं.

मी तिच्याकडं पाहिलं, ती माझ्याकडं. दोघांनाही एकदमच उजेड पडला.

चुलत्यांच्या परवानगीनं आम्ही त्या तडा गेलेल्या फोनमधली टाइमलाइन, म्हणजे फोन रोज कुठं कुठं होता ते दाखवणारा गुगलचा नकाशा, उघडली. ती चालूच होती. त्यांच्या थोरल्या भावानं, म्हणजे तिच्या वडिलांनी, कोइमतूरहून फोन पाठवला तेव्हा सुरुवातीला जे जे विचारलं त्याला त्यांनी ‘होय’ म्हटलेलं. जानेवारी २०२०: सकाळी सातला घर, मग ओढ्यापलीकडं विहिरीजवळचा ठिपका, दुपारी दूध डेअरी, पुन्हा विहीर, संध्याकाळी घर. आठवड्यातून एकदा विटा. एप्रिल २०२०, म्हणजे टाळेबंदी अगदी कडक असतानाचा महिना: तीच विहीर, तीच वेळ. खरड छाटणीचे दिवस होते, द्राक्षाला टाळेबंदी कळत नाही. फक्त विटा गायब. आणि जून २०२०च्या मध्यापासून पुढं घर, घर, घर. रोज चोवीस तास. मध्ये दोन-चार ठिपके, तिच्या परीक्षेचे आणि लसीचे.

म्हणजे फाईलच्या लेखी हा शेतकरी देश बंद असताना रोज कामावर जात होता आणि देश उघडल्यावर घरात बसला. प्रत्यक्षात त्यानं एक दिवसही खाडा केला नव्हता. त्याचा फोन घरी अडकला होता, आणि अडकवणाऱ्यांत मी होतो. सोमवार ते शनिवार, दुपारी दोन तास, संभाव्यता सिद्धांत.

एका घरावरून जिल्ह्याचा निष्कर्ष काढू नये, हे मी विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला सांगतो. पण या जिल्ह्यात एका घरात एकच चांगला फोन, ही काय दुर्मीळ गोष्ट आहे? चूक सगळीकडं सारखी असती तर निभावलं असतं. ही चूक तारखेला बांधलेली होती. जून २०२०च्या आधी फोन म्हणजे घरातला कर्ता पुरुष, नंतर फोन म्हणजे घरातलं शिकणारं पोर. २०२० आणि २०२१ची तुलना करताना मोजला जाणारा माणूसच मध्ये बदलला होता. काकू तर दोन्ही वर्षी हिशेबात नव्हत्याच. त्या रोज डेअरीला जातात, दुसऱ्याच्या बागेत मजुरीला जातात, आणि त्यांच्याकडं कुठलाच फोन नाही.

मग मोबाईल कंपन्यांच्या टॉवरच्या नोंदी चालल्या असत्या का? हा प्रश्न तिनंच काढला. चुलत्यांचं सिम तर रानातच जात होतं. टॉवरची नोंद पडते ती कॉल, मेसेज किंवा इंटरनेटचा वापर झाला की: कुठला नंबर, किती वाजता, कुठल्या टॉवरवर. शहरात टॉवर दाट असतात, आमच्या माळरानावर एकेका टॉवरचा पल्ला काही किलोमीटर. चुलत्यांचं घर आणि विहीर दोन्ही एकाच टॉवरखाली. त्या नोंदीतही ते दिवसभर जागचे हलले नसते. म्हैसाळ-कागवाडच्या बाजूला तर आणखी मजा. नदीकाठच्या रानात उभं राहिलं की फोन कर्नाटकचा टॉवर पकडतो, आणि घरच्या बांधावर बसलेल्या माणसानं राज्याची हद्द ओलांडलेली असते.

तरीही टॉवरच्या नोंदींनी एक काम चांगलं केलं असतं, आणि आमच्या तालुक्याला नेमकं तेच हवं होतं. खानापूर, आटपाडी भागातली हजारो माणसं गलाईच्या धंद्यात आहेत. सोन्याचांदीची मोड, सराफाकडचा चुरा वितळवून शुद्ध धातू काढायचा. दुष्काळानं गाव सोडायला लावलं आणि या लोकांनी तमिळनाडू, केरळपासून दिल्ली, कोलकात्यापर्यंत भट्ट्या मांडल्या. तिचे वडील कोइमतूरला. २०२०च्या मे महिन्यात पास मिळू लागले तशी ही मंडळी गाड्या करून बायकापोरांसकट गावी आली. आणि आपापले फोन घेऊन आली.

आता पुन्हा फाईलकडं या. समजा, एका गावात जानेवारीत १०० फोन होते आणि त्यांतले ४० रोज किराणा दुकानात जायचे. मेमध्ये ३० फोन बाहेरून आले. जुन्यांपैकी २८ जण दुकानात गेले आणि नव्यांतले १२. झाले ४०. रकाना म्हणणार: बदल शून्य, लोक टाळेबंदीला जुमानत नाहीत. खरं तर जुन्या गावकऱ्यांनी आपली ये-जा जवळजवळ तिसऱ्या हिश्शानं कमी केली होती. भागाकारातला छेदच हलला होता, आणि फाईल छेद दाखवत नाही.

बाहेर याची उत्तरं शोधली गेली आहेत. हैतीमध्ये १२ जानेवारी २०१०ला भूकंप झाला, तेव्हा संशोधकांनी सुमारे १९ लाख सिमकार्डांच्या टॉवर-नोंदींवरून अंदाज बांधला की पोर्ट-ओ-प्रिन्स शहर सोडून सुमारे ६ लाख ३० हजार माणसं बाहेर पडली, आणि ती कुठं कुठं गेली तेही दाखवलं. केनियात जवळपास दीड कोटी फोनच्या नोंदी मलेरियाच्या नकाशाशी जोडल्या आणि हिवताप माणसांबरोबर कुठून कुठं प्रवास करतो ते २०१२मध्ये मांडलं. तिथं प्रश्न ‘कोण घरी बसलं’ हा नव्हता, ‘कोण कुठून कुठं आलं’ हा होता. मे २०२०मध्ये आमच्या तालुक्याचा प्रश्नही तोच होता. गुगलच्या फाईलमध्ये दहा तालुक्यांची मिळून एकच ओळ, शिराळ्याचा पाऊस आणि जतचं ऊन एकाच आकड्यात.

त्या प्रश्नाचं उत्तर गावात एका ठिकाणी लिहिलेलं होतं. आशाताईंच्या, म्हणजे गावच्या आरोग्य स्वयंसेविकेच्या वहीत. दोनशे पानी वही, हातानं आखलेले रकाने: नाव, कुठून आले, कधी आले, सोबत किती, ताप-खोकला आहे का, हातावर शिक्का आहे का, शाळेत की घरी, चौदा दिवस कधी पुरे होणार. पुसट झालेला शिक्का पुन्हा मारल्याची नोंदसुद्धा. गावाच्या वेशीवर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या होत्या तेव्हा त्या फांद्यांच्या अलीकडं उभ्या राहून त्यांनी ही वही भरली. मार्च २०२०मध्ये इस्लामपुरात रुग्ण पंचविशीच्या घरात गेले होते, तिथली साखळीसुद्धा माणसामागं माणूस शोधून, घरोघर जाऊनच तोडली होती.

माझ्या विद्यार्थिनीनं हुशारी करून वहीच्या पानांचे फोटो काढून आणले होते. नावं, मोबाईल नंबर, सगळं. मी म्हटलं, आधी हे पुसून टाक.

‘पण सर, आशाताईंनीच दिली वही. आणि नावं मी कुठं छापणार आहे?’

आमचं त्यावर चांगलंच वाजलं. तिचं म्हणणं, नाव काढलं की झालं. मी विचारलं, ‘तुमच्या वाडीवर कोइमतूरहून आलेले किती?’ ती गप्प झाली. एकच, तिचे वडील. ‘कोइमतूर, अमुक तारीख’ एवढं छापलं तरी गावातल्या शेंबड्या पोराला कळेल कोण ते. २०१३मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. पंधरा लाख लोकांच्या पंधरा महिन्यांच्या मोबाईल नोंदी तपासून संशोधकांनी दाखवलं, की एखादा माणूस कधी कुठं होता याचे फक्त चार ठिपके हाती असले तरी शंभरातले पंचाण्णव जण गर्दीतून एकटे उचलता येतात. तो अभ्यास लाखोंच्या वस्तीवर होता. वाडीवर एक ठिपका बास होतो. आणि तेव्हा गावात आलेल्या माणसाकडं लोक कसे बघत होते, हे तिला मी सांगायची गरज नव्हती. तिचे वडील चौदा दिवस शाळेच्या खोलीत होते. डबा द्यायला गेलेल्या चुलत्यांना दुसऱ्या दिवशी न्हाव्यानं दाढीला बसवून घेतलं नाही.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमतानं सांगितलं. पण फोटो तिनं पुसले ते न्यायालयाचं ऐकून नव्हे. तिला तो न्हावी आठवला. आम्ही वहीतून फक्त तारीखवार बेरजा घेतल्या, त्याही दोन-तीन गावांच्या एकत्र करून. गुगलनं भेसळ केली आणि कोरे रकाने सोडले, त्याला मी आधी नावं ठेवली होती. आता आम्हीही तेच करत होतो. बारीक पाहावं तर माणूस उघडा पडतो आणि झाकावं तर गाव दिसेनासं होतं. यातून सुटायची युक्ती मला अजून सापडलेली नाही.

उरला दुसरा निष्कर्ष: किराणा दुकानांची ये-जा घटली, म्हणजे गर्दी घटली. हा सगळ्यात सोपा वाटत होता आणि हाच सगळ्यात घातक निघाला. २० एप्रिल २०२१च्या रात्रीपासून किराणा, भाजीची दुकानं सकाळी ७ ते ११ एवढीच उघडी ठेवायचा हुकूम होता. फाईलमध्ये आकडा दिवसाचा आहे, तासाचा नाही. समजा, एरवी एका दुकानात बारा तासांत १०० गिऱ्हाइकं येतात, म्हणजे तासाला आठ-नऊ. निर्बंधांत ती ४० टक्क्यांनी कमी झाली. उरली ६०, पण चार तासांत. तासाला पंधरा. आलेख चाळीस टक्के खाली आणि दुकानापुढची गर्दी पावणेदोनपट. विषाणूला दिवसाच्या बेरजेशी देणंघेणं नसतं. त्या दिवसांत सकाळी साडेदहाला विट्यातल्या किराणा दुकानापुढं, आखलेल्या पांढऱ्या गोलांच्या बाहेर, पिशव्या पुढं करून उभी असलेली माणसं आम्ही दोघांनीही पाहिलेली होती. ती तिथं स्वतः उभी होती. आणि तरी तिनं ‘गर्दी घटली’ असं लिहिलं, कारण पडद्यावर आकडा दिसला की डोळ्यांनी पाहिलेलं खोटं वाटू लागतं. मीही तो निष्कर्ष पहिल्या वाचनात बरोबरची खूण करून सोडून दिला होता. ती खूण अजून त्या मसुद्यावर आहे.

मग फाईल टाकाऊ होती का? नाही. एका गोष्टीत ती पक्की होती: वळण कधी आलं ते सांगण्यात. जिल्ह्याची स्वतःशीच, मागच्या दोन-तीन आठवड्यांशी तुलना केली की हंगाम, फोन कुणाच्या हाती, बाहेरून आलेली माणसं, हे सगळं फारसं हलत नाही आणि मोड स्वच्छ दिसतो. २०२०मध्ये तो मार्चच्या चौथ्या आठवड्यात आहे. त्यातही एक अडचण आहेच. २२ मार्चचा जनता कर्फ्यू, २३ला राज्याची संचारबंदी आणि जिल्हाबंदी, त्याच दिवशी इस्लामपूरच्या पहिल्या चार रुग्णांची बातमी, २५पासून देशाची टाळेबंदी. चार दिवसांत चार कारणं. लोक हुकमानं थांबले की भीतीनं, हे जिल्ह्याच्या एका ओळीतून सोडवता येत नाही. २०२१मध्ये निर्बंध पायरीपायरीनं आले, एप्रिलच्या ५, १४, २० आणि २२ तारखांना, त्यामुळं तिथं जरा वाव होता. प्रकल्पाचा दुसरा मसुदा तिनं त्या पायऱ्यांवर लिहिला. शिस्त हा शब्द त्यात कुठंच नव्हता. शीर्षक तीन ओळींचं झालं आणि निष्कर्ष दीड ओळीचा. तोंडी परीक्षेला आलेल्या बाहेरच्या परीक्षकांना तो फार रोडावलेला वाटला. त्यांनी गुण मात्र बरे दिले.

अशी फाईल पुन्हा मिळेल असं वाटत नाही. ॲपलनं आपली एप्रिल २०२२मध्ये बंद केली, गुगलनं १५ ऑक्टोबर २०२२नंतर नवे आकडे दिले नाहीत. डिसेंबर २०२३मध्ये गुगलनं जाहीर केलं की टाइमलाइनची नोंद यापुढं ज्याच्या त्याच्या फोनमध्येच राहील. जुनी फाईल अजून उतरवून घेता येते. वर्गात मी तीच देतो आणि पहिला प्रश्न जानेवारीचा विचारतो. मिरजेकडची पोरं लगेच द्राक्ष म्हणतात. सांगली शहरातली थोडा वेळ विचार करतात.

२० ऑक्टोबर २०२१ला कॉलेज उघडलं. वडील तोवर कोइमतूरला भट्टीवर परतले होते. त्यांनी तिच्यासाठी नवा फोन पाठवला, आणि तडा गेलेला जुना तिनं चुलत्यांना दिला. फळछाटणीचे दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ओढ्यापलीकडच्या विहिरीजवळ पुन्हा ठिपका उमटला. फाईलच्या हिशेबानं चुलते सोळा महिन्यांनी कामावर गेले.